परग्रहावरचा मूर्धन्य ड

क्लिंगॉन भाषेत ‘क्लिंगॉन’ हा शब्द उच्चारता येत नाही. त्या भाषेत क नाही आणि शब्दारंभी जोडाक्षर चालत नाही. ज्या नावाने सारे जग या योद्ध्यांना ओळखते ते त्यांच्याच जिभेवर बसत नाही. ते स्वतःला जे म्हणवतात ते देवनागरीत ‘त्लिङान’ असे काहीसे लिहावे लागेल, आणि तेही ओढूनताणून; कारण त्यातला पहिला ध्वनी म्हणजे त आणि ल यांची जोडी नसून एकच व्यंजन आहे. जिभेचे टोक त च्या जागी टेकवायचे आणि अडवलेली हवा जिभेच्या कडांवरून फस्सकन सोडायची. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत हा ध्वनी आहे. आपला टोमॅटो त्याच भाषेतून निघाला, पण स्पॅनिशांच्या तोंडातून जाताना त्याच्या शेपटीचा हा ध्वनी झडून गेला.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेतले (१९६६ ते १९६९) क्लिंगॉन सरळ इंग्रजी बोलत. चेहऱ्याला काळसर तपकिरी रंग फासला की परकेपणाची सोय होत असे. १९७९ च्या चित्रपटात त्यांच्या तोंडी प्रथमच चारदोन अनाकलनीय वाक्ये आली. ती मालिकेतच काम करणाऱ्या जेम्स डूहान या नटाने बेतली होती. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मात्र मार्क ओक्रँड या भाषावैज्ञानिकाला पाचारण झाले. डूहान यांच्या त्या मोजक्या वाक्यांतले ध्वनी पायाला धरून त्यांनी पुरती भाषा उभारली आणि १९८५ साली तिचा कोश प्रसिद्ध केला. १९९२ मध्ये त्याची वाढीव आवृत्ती निघाली.

ओक्रँड यांचा व्यवसायही या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी दूरचित्रवाणीवर शब्दपट्ट्या देणाऱ्या संस्थेत ते काम करत, म्हणजे कानाने ऐकायचे ते डोळ्यांना देण्याचे काम. त्याआधी १९७७ साली बर्कली येथे त्यांनी जो प्रबंध लिहिला तो मुत्सुन भाषेच्या व्याकरणावर होता. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांची ही भाषा अस्खलित बोलणारी अखेरची व्यक्ती, असेन्सिऑन सोलोर्सानो, १९३० मध्येच निवर्तली होती. तेव्हा ज्या भाषेवर ते विद्वान झाले तीही त्यांना बव्हंशी कागदावरूनच वाचावी लागली.

पदव्युत्तर वर्गाला मी भाषाविज्ञान शिकवते. स्वनविचाराच्या पहिल्या आठवड्यात मी विद्यार्थ्यांना क्लिंगॉनचे ध्वनी आपल्या वर्णमालेत बसवायला देते. आपली वर्णमाला हा मुळात तोंडाचा नकाशा आहे. कवर्ग मागे घशाजवळ, मग टाळू, मग मूर्धा, मग दात आणि शेवटी ओठ, असा तो प्रवास आहे. बाराखडी घोकणाऱ्या पोराला हे कुणी सांगत नाही, आणि एम. ए. ला आल्यावर सांगितले तर तो चकित होतो. मोठ्या मौजेचा तास असतो तो. एरवी मागच्या बाकावर पेंगणारी मुलेही त्या दिवशी जीभ वळवून पाहत असतात.

नकाशा भरू लागला की भोके दिसू लागतात. कवर्गात क, ख, ग, घ हे चारही नाहीत. उरतो एकटा ङ. मराठीत स्वतंत्र अक्षर म्हणून ज्याला ‘वाङ्मय’ या शब्दाखेरीज फारसा आसरा नाही, तो ङ क्लिंगॉनमध्ये शब्दाच्या तोंडाशी ताठ उभा असतो. ‘ङेम’ म्हणजे अरण्य. (व्हिएतनामी आडनावांच्या आरंभीही तो असाच येतो, तेव्हा यात अमानुष असे काही नाही.) चवर्गात च आणि ज. टवर्गात फक्त ड. तवर्गात न आणि त्यासोबत एक त, ज्याच्याविषयी पुढे बोलू. पवर्गात प, ब, म. अंतस्थांत य, र, ल आणि दोन व, एक दात टेकवून आणि एक ओठ गोल करून. ऊष्म्यांत ष एकटा. ना श, ना स. ह आहे, पण तो उर्दूतल्या ख़ सारखा मऊ टाळूला घासून निघतो, आणि त्याच्या जोडीला सघोष ग़. पडजिभेपाशी अरबी क़ आणि त्याच जागचा पण घोगरा, खरवडून सोडलेला दुसरा क़. वर तो त्लिङानातला ध्वनी, आणि गळा क्षणभर बंद करून केलेली एक अडवणूक. अशी एकवीस व्यंजने आणि पाच स्वर. स्वरांत आपला अ नाही. गीतेत कृष्ण अक्षरांमध्ये स्वतःला अकार म्हणवतो. देवनागरीच्या प्रत्येक व्यंजनात तो न लिहिता वसलेला असतो. क्लिंगॉन देवनागरीत लिहायची तर प्रत्येक अक्षराला काना, वेलांटी, मात्रा नाहीतर हलंत यांपैकी काहीतरी द्यावेच लागेल.

ही भोके मुद्दाम पाडलेली आहेत. मानवी भाषांत ध्वनी बहुधा कुळाने नांदतात. एका जागी सघोष असला की त्याच जागचा अघोष शेजारी सापडतो. ब पाशी प, ड पाशी ट. ओक्रँड यांनी ही वीण उसवली. त्यांच्या ड ला ट नाही आणि त ला द नाही. ध्वनी सुटा पाहिला तर कुठल्या ना कुठल्या मानवी भाषेतला आहे. जमाव मात्र असा की कुठल्याही मानवी भाषेत सापडू नये. विद्यार्थ्यांना मी सांगते की परकेपणा इथे ध्वनीत ठेवलेला नाही, मांडणीत ठेवला आहे. स्वनिम सुटा नसतो, त्याला किंमत व्यवस्थेत मिळते, हे सोस्यूरचे म्हणणे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

परंतु मराठी वर्गात इथे एक गंमत घडते आणि ओक्रँड यांचा बेत फसतो. त्यांचा तो त इंग्रजी आहे. जिभेचे टोक दातांना न लावता दातांमागच्या हिरडीला लावून, थोडी हवा सोडून काढलेला. हा ध्वनी मराठी कानाला त वाटतच नाही. आपण ‘टेबल’ म्हणतो, ‘टिकीट’ म्हणतो, ‘स्टार’ही ट ने लिहितो. इंग्रजांचा हा ध्वनी ऐकताक्षणी आपला कान त्याला मूर्धेवर नेऊन बसवतो. म्हणून क्लिंगॉन ऐकून विद्यार्थी जेव्हा लिहून काढतात तेव्हा सगळेच्या सगळे ट लिहितात. ड समोर आहेच. जोडी जुळते, भोक बुजते आणि परग्रह नाहीसा होतो. दोन्ही व एकाच व मध्ये विरघळतात. ष चे तर विचारूच नका. मराठीत लिहिण्यात ष शाबूत असला तरी बोलण्यात ‘भाषा’ आणि ‘विषय’ यांतला ष बहुतेकांच्या तोंडी केव्हाच श झाला आहे. ‘कष्ट’, ‘दुष्ट’, ‘ज्येष्ठ’ अशा शब्दांत तो ट-ठ च्या आश्रयाने कसाबसा टिकून आहे. हॉलिवूडच्या नटांना जो ध्वनी मेहनतीने शिकवावा लागला, तो आपण आपल्या वर्णमालेत जपून ठेवलेला आणि तोंडातून घालवलेला आहे.

आपला कान अडतो तो पडजिभेपाशी. पण तिथेही आपण कोरे नाही. कायदा, किल्ला, हक्क या शब्दांत कधीकाळी अरबी क़ होता. शतकानुशतके दरबारात आणि दप्तरात तो ऐकूनही मराठीने त्याचा सरसकट क करून टाकला. ओक्रँड यांना रोमन लिपीत हे दोन क़ वेगळे दाखवायला लहान आणि मोठी लिपी वापरावी लागली. ड आणि ष साठीही त्यांनी मोठी अक्षरे योजली, नटाने पाहताच सावध व्हावे म्हणून. इथे काहीतरी वेगळे करायचे आहे, जीभ नेहमीच्या जागेवरून हलवायची आहे. आपल्या लिपीला लहानमोठी अक्षरे नाहीत, आणि ड साठी सावध होण्याचे आपल्याला काही कारणही नाही.

या ड पाशी मी जरा रेंगाळणार आहे. इंग्रजीभाषक जगात ‘भारतीय उच्चार’ म्हणून ज्याची नक्कल होते त्यात ट आणि ड यांचा वाटा फार मोठा असतो. १९६८ च्या ‘द पार्टी’ या चित्रपटात पीटर सेलर्सने चेहऱ्याला रंग लावून बक्षी नावाचा भारतीय नट उभा केला. प्रेक्षक हसत त्यात त्या वळवलेल्या जिभेचाही हिस्सा होता. सोळा वर्षांनी तोच ड त्याच हॉलिवूडमध्ये दुसऱ्या ग्रहावरच्या योद्ध्यांच्या तोंडी आला आणि भयाणतेचे चिन्ह झाला. ओक्रँड यांच्या मनात भारत होता असे मी सुचवत नाही. दातांमागचा त आणि मूर्धेकडचा ट यांतला भेद मुत्सुन भाषेतही होता आणि तो त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. माझा मुद्दा ऐकणाऱ्याविषयी आहे. एकच ध्वनी शेजारच्या माणसाच्या तोंडी हास्यास्पद ठरतो आणि अनोळखी शत्रूच्या तोंडी भीतिदायक.

याच ओक्रँड यांनी १९८२ साली, दुसऱ्या चित्रपटासाठी, व्हल्कन या विवेकी आणि सुसंस्कृत परग्रहवासीयांची काही वाक्ये रचली होती. प्रसंग आधी इंग्रजीत चित्रित झाला होता, आणि ओठांच्या हालचालींशी जुळतील असे ध्वनी त्यांनी नंतर त्यावर बसवले. म्हणजे शहाण्यांची भाषा अक्षरशः इंग्रजी ओठांच्या मापाने बेतली गेली आणि दांडग्यांची भाषा घशातून आणि मूर्धेवरून. ‘अवतार’ (२००९) साठी पॉल फ्रॉमर यांनी नावी भाषा घडवली तेव्हा तिच्यातून ब, ड, ग हे सघोष स्फोटक सगळेच वगळले आणि गळा मिटून टचकन सोडलेले प, त, क घातले. अरण्यात राहणाऱ्या निष्पाप जमातीला असे आवाज शोभतात, ही कुणाची कल्पना? ज्या अम्हारिक आणि जॉर्जियन भाषांत असे ध्वनी आहेत त्यांच्या भाषकांना त्यात अरण्य ऐकू येत नसणार.

शत्रूला उच्चारावरून ओळखण्याची रीत अमेरिकेने शोधलेली नाही. पतंजलीच्या महाभाष्याच्या आरंभीच, व्याकरण का शिकावे हे सांगताना, असुरांची हकीकत येते. ‘अरि’ शब्दातल्या र च्या जागी त्यांनी ल म्हटला आणि ते पराभूत झाले. शस्त्रे कमी पडली असे तिथे म्हटलेले नाही. आणि त्यावरून निघणारा उपदेश असा की म्लेच्छासारखे बोलू नये. ‘म्लेच्छ’ हा शब्दही मुळात अस्पष्ट बोलण्याच्या धातूवरून आलेला आहे, जसा ग्रीकांचा ‘बार्बारोस’. आधी ऐकू येतो तो न समजणारा आवाज, आणि मग त्या आवाजालाच माणूस म्हटले जाते.

रंगभूमीवर याहून नेटके उदाहरण आहे. मृच्छकटिकातला शकार देवलांच्या नाटकामुळे मराठी प्रेक्षकाच्याही ओळखीचा झाला. राजाचा मेहुणा, मूर्ख आणि क्रूर. मूळ नाटकात त्याच्या तोंडी मागधीचा एक प्रकार आहे. त्यात स आणि ष नाहीत, सगळीकडे श. आणि र चा ल. त्याचे नावच ‘शकार’, म्हणजे श हे अक्षर. एका माणसाला एका व्यंजनाचे नाव देऊन टाकण्याची ही करामत मला ओक्रँड यांच्या कोशाइतकीच विलक्षण वाटते. तीन ऊष्म्यांपैकी एकच ठेवला की परका तयार. शूद्रकाने श ठेवला, ओक्रँड यांनी ष. मागधी ही प्रत्यक्षात मगधातल्या माणसांच्या बोलण्याशी नाते सांगणारी भाषा होती, हे नाटक पाहताना कुणाच्या ध्यानात राहत असेल? त्याच नाट्यपरंपरेत गोड पद्यांसाठी महाराष्ट्री प्राकृत राखून ठेवलेली असे, आणि मराठीच्या पूर्वजेचा हा मान आपण अभिमानाने सांगतो. शकाराच्या भाषेला मात्र तो मान नाही.

मी वऱ्हाडातली. आमच्याकडे डोळा हा ‘डोया’ असतो, केळी ही ‘केयी’, आणि पाणी हे ‘पानी’. माझी आजी एका वाक्यात तिन्ही म्हणे आणि ते वाक्य कुणालाही अर्धवट वाटत नसे. पुढे शिक्षणासाठी घाटाखाली उतरून मी पश्चिमेकडच्या एका शहरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांनी भर वर्गात मला ‘पाणी’ हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. वर्ग हसत होता. त्यांचा हेतू वाईट असेल असे मला तेव्हाही वाटले नाही. पण ण हे माझ्या दृष्टीने त्या दिवसापासून अक्षर राहिले नाही, दार झाले. मराठीत न आणि ण एवढ्यावरून माणसाचे गाव, शाळा आणि पुष्कळदा जातही ताडली जाते, हे मराठी शिकवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. मात्र बंगालीत, जिथे ण लिपीत असून उच्चारात न झाला आहे, तिथे कुणी कुणाला अशुद्ध म्हणत नाही. तिथे ‘पानी’वाले सर्वच आहेत. स्वनविज्ञानाच्या दृष्टीने दोन्हीकडे घडलेली गोष्ट एकच.

म्हणूनच ओक्रँड यांच्या कोशातली एक लहानशी नोंद मला फार आवडते. त्यांनी ड चा उच्चार सांगून झाल्यावर लिहून ठेवले आहे की काही क्लिंगॉन तो ‘ण्ड’ सारखा करतात, आणि थोडे जण तर जीभ त्याच जागी ठेवून नुसता अनुनासिक काढतात. म्हणजे ण. कोरी करकरीत कृत्रिम भाषा, भाषकांची संख्या शून्य, आणि तिला पहिल्याच दिवशी बोली दिलेल्या! भाषा खरी वाटायला हवी असेल तर तिच्यात कुणीतरी ‘चुकीचे’ बोलणारे असले पाहिजे, हे त्यांना क्षेत्रभाषाविज्ञानाने शिकवले असणार. चित्रीकरणात नट अडखळला आणि दिग्दर्शकाने ते दृश्य ठेवून दिले की ओक्रँड कधीकधी तो अडखळलेला शब्दच कोशात घेत. १९९१ च्या चित्रपटात क्रिस्टोफर प्लमर यांना हॅम्लेटच्या स्वगताची ओळ क्लिंगॉनमध्ये म्हणायची होती. जगण्यासाठीचे ‘यिन’ हे क्रियापद त्यांच्या कानाला रुचले नाही. तेव्हा ओक्रँड यांनी त्याजागी ‘टिकून राहणे’ या अर्थाचे, शेवटी घासणारा ख़ असलेले क्रियापद दिले. नटाच्या कानाखातर एका भाषेच्या शब्दसंग्रहात भर पडली. पुढे हॅम्लेट नाटक समग्र क्लिंगॉनमध्ये उतरले. त्याची सर्वत्र मिळणारी आवृत्ती २००० साली निघाली.

उलट दिशेचाही एक प्रवास आहे. ओक्रँड यांनी प्रबंध सादर केला त्याच १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवर सोन्याच्या मुलाम्याची तबकडी रवाना झाली. तिच्यात पंचावन्न भाषांतली अभिवादने आहेत आणि त्यांत मराठी आहे. शिवाय गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तिथे कुणी ऐकणारा असलाच तर त्याला आपले दंत्य आणि मूर्धन्य कसे ऐकू येतील? बहुधा येणारच नाहीत. ज्याला दात, टाळू आणि पडजीभ नाही त्याच्या दृष्टीने त आणि ट यांत फरक तो काय. टेड चियांग यांच्या १९९८ मधल्या कथेत, जिच्यावरून ‘अरायव्हल’ (२०१६) हा चित्रपट निघाला, परग्रहवासीयांचे ध्वनी मानवी तोंडाने काढताच येत नाहीत आणि सगळा व्यवहार लिपीवर येतो. हे अधिक प्रामाणिक आहे खरे. पण परकेपण म्हणजे काय याचा विचार करायला मला क्लिंगॉनच अधिक उपयोगी पडते, कारण ती उच्चारता येते.

मुत्सुनचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. असेन्सिऑन सोलोर्सानो मृत्युशय्येवर असताना जे. पी. हॅरिंग्टन या संशोधकाने तिच्याकडून मिळेल तेवढे टिपून घेतले, आणि त्या टिपणांवर ओक्रँड यांचा प्रबंध बव्हंशी उभा राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुत्सुन वंशाचे लोक आपली भाषा पुन्हा शिकू लागले आहेत. २०१६ साली त्यांचा मुत्सुन-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यातही मागे वळवलेल्या जिभेच्या ट साठी रोमन मोठे अक्षर योजले आहे. क्लिंगॉन शिकणाऱ्याला चित्रपट आहेत, ध्वनिफिती आहेत, ओक्रँड यांचा स्वतःचा आवाज आहे. मुत्सुन शिकणारी स्त्री हॅरिंग्टनच्या वहीतल्या खुणा पाहते, त्या मोठ्या अक्षरापाशी थांबते, आणि आपल्या पणजीची जीभ टाळूला नेमकी कुठे लागत असेल याचा अंदाज घेत ती थोडी मागे नेऊन पाहते.